अण्णांचा कान आणि डुकरांची दोरी

आमच्या घरात डुकराचं नाव घेत नसत. घ्यायची वेळ आलीच तर ‘ते जनावर’ म्हणायचं आणि तोंड फिरवायचं. आमचं घर मेंढ्यांचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढ्यांमागं फिरले. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी निघाली की आमचा कळप तिथं खतासाठी बसायला जायचा. अशा माणसासमोर उभं राहून मी एक दिवस सांगितलं, "अण्णा, माळाकडंचा तुकडा मला द्या. मला डुकरं पाळायचीत." ते तंबाखू मळत होते. मळायचे थांबले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ताप-बीप आलाय का तुला?"

ताप नव्हता, डोकं मात्र तापलेलं होतं. माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. नवऱ्याचं घर मला पटलं नाही, मी त्या घराला पटले नाही, विषय संपला. माघारी आल्यावर दादाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या घरात भाकऱ्या थापत आयुष्य काढायचं माझ्या मनात नव्हतं. वहिनी वाईट नाही हो. पण दुसरीच्या चुलीपुढं रोज विचारून पीठ घ्यायचं म्हणजे काय असतं ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. मधली काही वर्षं मी सोलापुरात पशुखाद्याच्या एका गोदामात नोकरी केली. तिथं विलायती पांढरी डुकरं पाळणारे लोक यायचे, टेंपो भरून खाद्य न्यायचे आणि ताठ मानेनं बोलायचे. मी सगळं बघून ठेवलं होतं.

अण्णांनी तुकडा दिला. का दिला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अट मात्र घातली. "मी त्या शेडात पाय ठेवनार न्हाय. आन् तितली बादली घरात आनायची न्हाय." मी म्हटलं, चालतंय की. शेड उभं राहिलं, पत्रे चढले, आत खण पडले, पिल्लं आली. गावातनं जाणारे नाकाला रुमाल लावून जायचे, माझं शेड त्यांच्या अंगणापेक्षा स्वच्छ असूनसुद्धा. मी एकेकाला थांबवून विचारायचे, "का हो, सर्दी झाली व्हय?"

पहिली थंडी पडली आणि शेडात खोकला आला. कोरडा, घुसमटलेला खोकला. पिल्लू कुत्र्यासारखं मागच्या पायावर बसायचं, मान पुढं काढायचं आणि त्याला ढास लागायची. मी धावत जाऊन औषध आणलं, सगळ्यांना पाजलं, पण ते लागू पडेपर्यंत निम्मी पिल्लं गेली होती. माळाच्या कडेला खड्डे काढून, चुना टाकून मी ती पुरली. उगाच कशाला लपवू, हमसून हमसून रडले मी त्या वेळी.

गुढीपाडव्याच्या दिवशी गोडाचं जेवण झाल्यावर दादानं विषय काढला. "एकदा झालं, मानलं. पुन्ना खोकला आला की शेड मोडायचं. पत्रं माझ्या शेळ्यांना हुतील." अण्णांनी मान डोलावली. मीही तावातावात म्हटलं, "मोड. खोकला आला तर मीच मोडून देते." बोलून गेले खरी. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर दादा टेप घेऊन माझे पत्रे मोजतोय. जिवंत माणसाचं तिरडीसाठी माप घ्यावं तसं चाललेलं त्याचं. असा संताप आला की हातातली पाण्याची बादली त्याच्या पायावर ओतली आणि म्हटलं, "पाय घसरला."

पण रात पडली की हिशेब करत बसायचे. शेड गेलं की मी परत वहिनीच्या चुलीपुढं. दुसरं काही माझ्या नावावर नव्हतं.

खोकल्याच्या बाबतीत अण्णांचा शब्द आमच्याकडं शेवटचा. ते म्हणायचे, "जनावर आदी खोकतं, मग पडतं. खोकल्याबिगर आजार न्हाय." त्यांचा कानही तसाच होता. भर कळपातली एक मेंढी खोकली तर तिकडं न बघता ती कुठली ते सांगायचे. शेडात पाय ठेवायचा नव्हता, म्हणून पाडव्यानंतर रोज सकाळी ते कुंपणाबाहेर येऊन उभे राहायचे, मुंडाशाचा पदर कानावरनं मागं सारायचे आणि ऐकायचे. ऐकून झालं की निघून जायचे. कोर्टातला शिपाई रोज दारात येऊन उभा राहावा तसं मला ते वाटायचं.

आदल्या थंडीत मेलेल्या पिल्लांची फुफ्फुसं तपासायला सोलापूरहून जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वयानं माझ्याएवढ्याच, बोलायला मऊ, पण गमबूट घालून सरळ घाणीत बसणाऱ्या. त्यांना मी फोन केला आणि म्हटलं, "बाई, मला खोकल्याच्या आधी कळायला पाहिजे. काही बी करा."

त्या आल्या. त्यांनी समजावून सांगितलं की हा जिवाणूचा आजार आहे. जिवाणू डुकराच्या घशात, फुफ्फुसात गुपचूप बसून राहतो. डुक्कर खातं, पितं, तुकतुकीत दिसतं आणि नाकाला नाक लावून शेजारच्याला देत राहतं. खोकला कानावर येतो तोवर आजार सगळ्या खणभर झालेला असतो. "म्हणजे ताई, कान उशिरा ऐकतो," बाई म्हणाल्या. मी पटकन कुंपणाकडं बघितलं. अण्णा नव्हते, बरं झालं.

मग रक्त तपासू या का, मी भीत भीतच विचारलं. ते आम्ही आदल्या थंडीत करून बघितलं होतं. डुकराचं रक्त काढायचं म्हणजे वरच्या जबड्याला फास घालून धरायचं आणि ते असं किंचाळतं की सगळा माळ गोळा होतो. त्या धसक्यानं माझी एक गाभण मादी गाभटली, गाभ पडला होता तिचा. बाईंनाही ते आठवत होतं. त्या म्हणाल्या, "रक्त नको. लाळ घेऊ."

"लाळ? आणि ती कशी घ्यायची? पिकदाणी धरू का पुढं?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "सुती दोरी टांगायची. डुकरांना चघळायचा नाद असतो. खणातली सगळी येऊन चावतात. दोरी ओली झाली की पिळायची. ती लाळ तपासली की त्या अख्ख्या खणात जिवाणू आहे का नाही ते कळतं. ना फास, ना सुई." इतकं साधं असेल तर मग मी एवढे खड्डे कशाला काढले, असं झालं मला.

त्याच सुमाराला नवी पिल्लं आणायची होती. करमाळ्याकडच्या एका व्यापाऱ्याचा टेंपो येणार होता. माढ्याकडचा एक शेतकरी माझ्यासारखाच डुकरं पाळायचा, ऊस सोडून या धंद्यात आलेला. निम्मी पिल्लं त्यानं उतरवून घेतली, निम्मी मी. दोरीचं ऐकल्यावर तो पोट धरून हसला. "ताई, डुकराची थुकी गोळा करनार व्हय तुमी? आता एवढंच ऱ्हायलं हुतं." मी म्हटलं, "हसा. दात चांगले हायत तुमचे."

दोरी आणायला बाजारात गेले. बैलांचा बेंदूर सण तोंडावर आलेला, दुकानात कासरे, गोंडे, घुंगुरमाळा लटकलेल्या. दुकानदारानं कौतुकानं विचारलं, "किती बैलं हायत, ताई?" म्हटलं, "बैल न्हायत. डुकरं हायत." त्याचा हात दोरीच्या वेटोळ्यावर जागच्या जागी राहिला. मग सावरून म्हणाला, "मंग नायलॉनची घ्या की, डुकराला कशाला सुताची?" मी म्हटलं, माझी डुकरं सुताचीच चघळतात. चघळतात का नाही ते अजून मलाच माहीत नव्हतं.

घरी अण्णांनी वेटोळं बघितलं. कशासाठी ते विचारलं नाही, ऐकलेलं होतंच. डुकरांचं त्यांना काही घेणंदेणं नव्हतं, पण दोरी म्हटल्यावर हात शिवशिवले. म्हणाले, "आन हिकडं. तुज्या गाठी सुटत्यात." दुसऱ्या दिवशी सकाळी दोऱ्या तयार. मापात कापलेल्या, टोकं बांधलेली, आणि सगळ्या पिवळ्याधमक. नवं दावं हळद-कुंकवाशिवाय जनावराला लावायचं नाही, ही आमच्या घरची पिढ्यान्पिढ्यांची रीत. अण्णांनी हळदीच्या पाण्यात दोऱ्या बुडवून काढल्या होत्या, वर कुंकवाचं बोट. ‘ते जनावर’ असलं तरी दावं नवं होतं. आणि खरं सांगते, मला त्यात काही खटकलं नाही. लहानपणापासून मी नवं दावं पिवळंच बघत आले. उलट डोळ्यात पाणी आलं की माझ्या डुकरांसाठी यांनी हळद भिजवली.

दोऱ्या टांगल्या. आधी सगळी डुकरं कोपऱ्यात पळाली. मग एक धीट मादी हळूच आली, हुंगलं, टोक तोंडात धरून ओढलं आणि जी सुटली म्हणता. तिला बघून बाकीची आली. ढकलाढकली, ओरडाओरडी, दोरीसाठी अशी झोंबाझोंबी की सणाला साडीच्या दुकानात असते तशी. सगळ्यांची तोंडं पिवळी झालेली. मी ओली टोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून पिळली, लाळ नळीत भरली, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि डबा मांडीवर घेऊन एसटीनं सोलापूरला निघाले. शेजारच्या बाईनं विचारलं, डब्यात काय आहे. मी म्हटलं, डुकराची लाळ. ती उठून मागं गेली. सोलापूरपर्यंत दोन सीट मला एकटीला.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन. आवाज चमत्कारिक. "ताई, लाळ पिवळी का आहे?"

"हळद हाय की ती."

"हळद कशाला?"

"नवीन दावं होतं ना, बाई." मला वाटलं, एवढं सांगितलं की कुणालाही कळेल. पलीकडं बाई कुणाला तरी सांगत होत्या, ‘हळद आहे.’ मग त्यांनी सांगितलं की हळदीच्या रंगानं तपासणी वाचताच येईना, सगळे नमुने बाद. पुन्हा करा आणि कोरी दोरी लावा.

आता हे अण्णांना कसं सांगायचं? दावं हळदीबिगर लावायचं म्हणजे त्यांच्या लेखी जनावराचं वाईट चिंतणं. जेवताना धीर करून सांगितलं. त्यांनी घास ताटात ठेवला. म्हणाले, "हळदीनं कुटं वाईट हुतंय व्हय? तुझ्या त्या यंत्राला हळद सोसत न्हाय तर ते यंत्र कसलं?" मी म्हटलं, "यंत्र हळदीचं सोवळं पाळतं असं समजा." आई पदरात तोंड घालून हसली. शेवटी तोड आईनंच काढली. दोरी ज्या खांबाला बांधायची त्या खांबाला हळद-कुंकू लावायचं, दोरी कोरी. अण्णा पुटपुटले, पण खांबाला लावायची हळद त्यांनीच वाटीत कालवून कुंपणापाशी आणून ठेवली.

दुसऱ्या खेपेला लाळ पाण्यासारखी आली. आणि मग बाईंचा फोन आला. करमाळ्याच्या टेंपोतनं आलेली पिल्लं ज्या दोन खणांत होती त्या दोन्हीत जिवाणू सापडला. बाकी सगळे खण चांगले.

मी त्या खणांपुढं जाऊन उभी राहिले. पिल्लं कशी म्हणता, तुकतुकीत. शेपट्या वळलेल्या, खायला हावरी, एकाचाही श्वास फुललेला नाही. मनात आलं, ही आजारी असतील तर मग मी बाळंतीण असेन. पण बाईंनी बजावलं होतं की दिसण्यावर जाऊ नका. औषध पाण्यातनं सुरू केलं. त्या दोन खणांचा खराटा वेगळा, बादली वेगळी, गमबूट वेगळे. काम करताना आधी चांगले खण, शेवटी ते दोन. वारा खेळावा म्हणून बाजूचे पडदे वर बांधले.

माढ्याच्या शेतकऱ्याला त्याच दिवशी फोन केला. हसला होता म्हणून काय झालं, पिल्लं एकाच टेंपोतली होती. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, माजी पिल्लं कशी हायत बगायला या एकदा. पैलवान हायत पैलवान. त्यांना कशाला औषिद?" मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला मी काही त्याची सासू नव्हते.

अण्णांना कळलं तेव्हा ते कुंपणाबाहेरनं म्हणाले, "धडधाकट जनावराला औषिद पाजतीस. येक तरी खोकलं का?"

"न्हाय."

"मग?"

"मग ह्याच्यासाठीच पाजतीय की. खोकू नये म्हनून."

ते नकारार्थी मान हलवत गेले. त्या दिवसांत माझं मलाच कधीकधी वाटायचं, आपण वेड्या तर झालो नाही? खोकला आला नाही तर लोक म्हणणार, नव्हतंच काही. आला तर म्हणणार, बघा, औषधाचा काय उपयोग झाला. दोन्हीकडनं मारच मला.

आणि एक दिवस माढ्याचा फोन आला. आवाजात हसू नव्हतं. "ताई, खोकाय लागलीत वो सगळी." त्याची पैलवान पिल्लं कुत्र्यासारखी बसायला लागली होती. मी डॉक्टरीणबाईंना कळवलं, गमबूट पिशवीत घातले आणि माढ्याची एसटी धरली. मी मुद्दाम त्याला ‘सांगितलं होतं’ म्हटलं नाही. म्हणावंसं लई वाटलं, जिभेच्या टोकावर आलेलं, पण त्याची बायको शेडाच्या दारात बसून रडत होती आणि मला माझे खड्डे आठवले. त्याची बरीच पिल्लं गेली. ज्या खणांत खोकला पोचला नव्हता तिथं आम्ही दोऱ्या लावल्या, कुठं जिवाणू आहे, कुठं नाही ते कळलं, आणि तेवढी वाचली. निघताना तो म्हणाला, "ताई, ह्या दोऱ्या हितंच ठिवा." माझ्याकडं त्या दिवसापर्यंत एकही पिल्लू खोकलं नव्हतं.

एसटीत बसले आणि असा आनंद झाला की लाज वाटली. दुसऱ्याचं नुकसान बघून येतेय आणि ओठांवर हसू मावेना. पण होतं ते होतं. मी जिंकले होते. ज्या जिवाणूनं माझी निम्मी पिल्लं नेली त्याला या वेळी मी तो दारात असतानाच ओळखलं होतं. मंगळवेढ्याला उतरून मी पाव किलो पेढे घेतले आणि घरी पोचायच्या आत निम्मे खाल्ले.

अण्णांना माढ्याचं सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "थंडी अजून यायचीय."

थंडी आली. अण्णा रोज कुंपणापाशी यायचे, मुंडासं मागं सारायचे, ऐकायचे, जायचे. दिवाळी गेली. मी दर महिन्याला दोरी लावत होते आणि बाई दर वेळी सांगत होत्या, चांगलं आहे, चांगलं आहे. मी निर्धास्त झाले. आणि येळामावस्या, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, दोन-चार दिवसांवर आली असताना सकाळी अण्णा कुंपणापाशी उभे राहिले, ते नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी आत खाद्य टाकत होते. त्यांनी हाक मारली, "ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. मधल्या खणातलं एक खोकलं. मग दुसरं. कोरडा खोकला.

घरी जाऊन अण्णांनी दादाला सांगितलं असणार, कारण दुपारी दादा ट्रॅक्टर घेऊन हजर. पान्हे, पहार, सगळं ट्रॉलीत. म्हणाला, "ताये, बोलनं हुतं आपलं. खोकला आला तर तूच मोडून देनार हुतीस."

मी शेडाच्या दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "खोकला आला. आजार आलाय का ते दोरी सांगंल. तवर एका बोल्टला हात लावलास तर ती पहार कुटं बसंल ते बघ."

"दोरी काय डॉक्टर हाय व्हय? अण्णांनी स्वता ऐकलंय."

"अण्णांनी खोकला ऐकलाय. जिवाणू ऐकला न्हाय."

दादा अण्णांकडं बघायला लागला. अण्णा ट्रॉलीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "येळामावस्येपत्तुर ऱ्हाऊ दे." एवढंच. पण दादानं ट्रॅक्टर तिथंच लावून ठेवला, माझ्या शेडाच्या तोंडासमोर. मी दोऱ्या टांगल्या. खोकणारी डुकरंसुद्धा येऊन चघळायला लागली, ते बघून जरा धीर आला, कारण आदल्या वर्षी खोकणारं पिल्लू जागचं हलत नव्हतं. लाळ घेऊन मी सोलापूर गाठलं. बाईंना म्हटलं, "लौकर बघा. ट्रॅक्टर चालू आहे असं समजा." त्यांनी विचारलं, खाद्यात काही बदल केलात का? केला होता. आदल्या दिवशीच बाजरीचा नवा भुसा आला होता, धुळीनं भरलेला, तो मी तसाच मिसळला होता. बाई म्हणाल्या, असू शकेल, पण अंदाजावर मी बोलणार नाही, तपासणी होऊ दे. मी घरी येऊन भुसा पाण्यानं भिजवून द्यायला लागले आणि देव पाण्यात ठेवून बसले.

येळामावस्येला आमच्याकडं दुपारी घरात कुणी जेवत नाही. सगळं रांधून डोक्यावर घेऊन रानात जायचं, कडब्याची खोप करून पूजा करायची आणि तिथंच पंगत. आम्ही सगळे ज्वारीच्या रानात बसलो होतो. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. पलीकडं माझं शेड, शेडापुढं दादाचा ट्रॅक्टर. मी ताटाला हात लावला नव्हता. वहिनी म्हणाली, "वन्सं, उंडा तरी घ्या." आणि फोन वाजला.

मी मुद्दाम स्पीकर लावला. म्हटलं, काय व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे.

"ताई, सगळे खण स्वच्छ," बाई म्हणाल्या. "कुठंही जिवाणू नाही. ज्या दोन खणांत आधी होता, तिथंही आता नाही. तो खोकला धुळीचा. भुसा भिजवून देताय ना?"

"देतीय," मी म्हटलं. भुसा भिजवल्यापासून खोकला खरंच कमी झाला होता, पण माझा माझ्या कानावर विश्वास उरला नव्हता.

दादा म्हणाला, "यंत्र चुकलं आसंल."

मग मात्र माझं टाळकं सरकलं. मी उभी राहिले. "तवा अण्णांच्या कानाला काय सुदीक ऐकू येत न्हवतं, दोरीनं सांगितलं आजार हाय. आता कानाला ऐकू आलं, दोरी म्हनती न्हाय. माढ्याला जा आन् विचार जाऊन कुनाचं खरं. त्याचे खड्डे बघून ये. मग मोड माझं शेड."

सगळे अण्णांकडं बघत होते. अण्णांनी आंबील संपवली, मिशा पुसल्या, उठले आणि शेडाकडं चालायला लागले. कुंपणापाशी थांबतील असं मला वाटलं. थांबले नाहीत. मी मागनं पळत गेले. दारात औषधाच्या पाण्याचं पसरट घमेलं होतं. म्हटलं, "अण्णा, पाय त्यात बुडवून या." त्यांनी देवळात शिरताना धुवावेत तसे पाय त्यात बुडवले आणि आत आले.

डुकरं धावत येऊन त्यांचं धोतर हुंगायला लागली. ते दचकले नाहीत. मधल्या खणापुढं उभं राहून त्यांनी कान दिला. सगळी डुकरं मजेत होती. थोड्या वेळानं म्हणाले, "दोरी लाव."

मी लावली. पुन्हा तीच ढकलाढकली, तीच झोंबाझोंबी. अण्णा टक लावून बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "मेंढ्या चघळतील का गं ही?"

"न्हाय, अण्णा. मेंढी असल्या दोरीला तोंड लावत न्हाय."

"तू ल्हान हुतीस. माझा निम्मा कळप असाच गेला. खोकला ऐकला तवर सगळं झालं हुतं." मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. ज्या कानाचा त्यांना एवढा भरवसा होता, त्या कानाला एकदा उशीर झाला होता, आणि तरी इतकी वर्षं ते रोज कान देत राहिले होते.

दोरीवरनं दोन डुकरांची रस्सीखेच चालली होती. अण्णा बघत बघत हळूच म्हणाले, "मेंढ्यापेक्षा शानी हायत ही."

मग ते बाहेर आले आणि ट्रॅक्टरपाशी येऊन उभ्या राहिलेल्या दादाला म्हणाले, "तुज्या शेळ्यास्नी पत्रं बाजारातनं आन. हितलं एक बी हलायचं न्हाय."

दादानं मुकाट्यानं ट्रॅक्टर वळवला. मला मात्र तेवढ्यावर राहवेना. म्हटलं, "अण्णा, त्याच्या आधी आत काय म्हनला ते बी सांगा की त्याला."

"काय म्हनलो?"

"मेंढ्यापेक्षा शानी हायत म्हनला न्हवं?"

अण्णांनी मुंडासं नीट केलं आणि पंगतीकडं चालू लागले. जाता जाता म्हणाले, "तुला ऐकू आलं न्हवं? मग बास झालं की."